‘वाचता येतं हे सांगायलाच नको होतं’

“मॅडम, घरात पुस्तकांना तोटा नाही. पण हा एकाला हात लावेल तर शपथ!”

आई बोलत होती. शेजारच्या खुर्चीत तिचा साडेनऊ वर्षांचा मुलगा माझ्या टेबलावरचं काचेचं पेपरवेट डोळ्याला लावून खिडकीकडे बघत होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्याला माहीत होतं आणि त्याची त्याला सवयही झाली होती.

‘मूल वाचत नाही’ हे गाऱ्हाणं माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतंच. प्रत्येकाचे शब्द वेगळे असतात, पण आतली धास्ती तीच. हा मागे पडेल, याची भाषा कच्ची राहील, जन्मभर स्क्रीनलाच चिकटून बसेल. म्हणून या मुलाची हकिगत जरा सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पालकांची परवानगी घेतली आहे.

घरच्यांनी प्रयत्न कमी केले नव्हते. वडिलांनी भिंतीवर तक्ता लावला होता. एक पुस्तक संपलं की एक तारा, दहा तारे झाले की हवं ते बक्षीस. पंधरा दिवसांत मुलाने नऊ पुस्तकं ‘संपवली’, घरातली सगळ्यांत पातळ नऊ. आईने एकातलं काही विचारलं, तर पहिलं आणि शेवटचं पान सोडून त्याला काही सांगता येईना. मग ‘खोटं बोलायला लागलास’ यावरून रडारड झाली, तक्ता खाली आला आणि तेव्हापासून पुस्तक दिसलं की मुलगा खोलीतून उठून जायला लागला.

अशा तक्त्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि ते नुसतं माझं नाही. 1973 मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल. ते मिळालंही. पण पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी फिरकली. बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांनी रंगांना दिला. आवड असलेल्या मुलांची ही गत, तर जिथे आवड अजून रुजायचीय तिथे तारे लावून काय होणार? मुलाला एवढंच कळतं की हे काम इतकं कडू आहे की ते करायला लाच द्यावी लागते.

आईला बाहेर बसायला सांगून मी मुलाला एक परिच्छेद वाचायला दिला. ‘सूर्य मावळला तेव्हा म्हातारा मार्गावर एकटाच होता’ असं पहिलं वाक्य. त्याने बोट ठेवलं. “सू… सूय… सूर्य.” मग ‘मावळला’ नीट. मग ‘मागा… मार्गावर’. प्रत्येक रफाराशी त्याचं बोट अडत होतं. आपण मोठी माणसं विसरून गेलेलो असतो की आपली लिपी डोळ्याला आणि जिभेला वेगवेगळ्या क्रमाने पळवते. ‘र्य’ मध्ये डोळ्याला खाली ‘य’ दिसतो, रफार त्याच्या डोक्यावर बसलेला असतो, पण जिभेला ‘र’ आधी उच्चारायचा असतो. पहिली वेलांटी तर व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची! सरावाने हे सगळं आपोआप व्हायला लागतं. ते आपोआप होईपर्यंत डोक्याची सगळी ताकद अक्षरं सोडवण्यात जाते. अकरा ओळींनंतर मी विचारलं, “काय झालं गोष्टीत?” त्याने खांदे उडवले.

पुढचं पान मी वाचून दाखवलं. चौथ्या-पाचव्या वाक्यालाच तो पुढे सरकला. “ताई, तो म्हातारा खोटं बोलतोय. त्याला माहितीये किल्ली कुठंय ती. नाहीतर त्याने खिशावर हात का ठेवला?”

खिशावर हात ठेवल्याचा उल्लेख आधीच्या वाक्यात एकदाच, ओझरता आला होता. बऱ्याच मोठ्यांच्याही तो लक्षात आला नसता.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोघांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता म्हणजे वाचन. यात बेरीज नाही, गुणाकार आहे हे महत्त्वाचं. एक बाजू शून्याजवळ गेली की दुसरी कितीही मोठी असो, उत्तर लहानच येतं. या मुलाची ऐकून समजण्याची बाजू भक्कम होती, उलगडण्याची कच्ची. त्याला वाचता येतील ती पुस्तकं त्याला बाळबोध वाटायची, आणि ज्या गोष्टींची त्याला भूक होती त्या पुस्तकांतल्या जोडाक्षरांपाशी त्याचा दम निघायचा. असं मूल वाचनापासून पळतं तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो. मला या शब्दाचा फार राग येतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. मूल वाचताना ओळी गाळत असेल, पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजाने म्हणत असेल, एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहीत असेल, घरात आणखी कोणाला असा त्रास झाला असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. डिस्लेक्सियाचा, म्हणजे अक्षरं वाचण्या-लिहिण्यातल्या अध्ययन अक्षमतेचा, बुद्धीशी संबंध नसतो, पण त्यासाठी वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं. नुसत्या गोडीगुलाबीने ते भागत नाही, आणि वाट बघण्यात वर्षं वाया जातात. या मुलाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. डिस्लेक्सिया नव्हता. सराव कमी पडला होता, एवढंच.

सराव का कमी पडला, हे तिसऱ्या भेटीत कळलं. तो चित्र काढत होता. मी सहज विचारलं, “तुला गोष्टी कोण सांगायचं?”

“आई. आधी.”

“मग?”

“मग मला वाचता यायला लागलं.” पेन्सिल थांबली नाही. “मी पुस्तकाचं नाव वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, अरे वा, आता तूच वाचायचं.” थोड्या वेळाने, चित्राकडेच बघत, “सांगायलाच नको होतं.”

सहा वर्षांच्या मुलाने किती अभिमानाने ते नाव वाचलं असेल! आणि त्या एका शब्दाची किंमत म्हणून त्याची रात्रीची कुशी गेली, आईचा आवाज गेला, म्हाताऱ्यासाठी ती काढायची तो खरखरीत घसा गेला. त्याच्या हिशोबात जितकं जास्त वाचता येईल तितकी आई लांब जाणार होती.

आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. त्याच सुमाराला धाकटी जन्मली होती, रात्र-रात्र झोप नव्हती. मोठ्याला आता वाचता येतंय, याचा तिला आधार वाटला होता. यात चुकलं कोणाचं, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. बहुतेक घरांत हे असंच होतं. मूल वाचायला लागलं की आपण वाचून दाखवणं थांबवतो, सायकल आली की आधाराची चाकं काढावीत तसं.

“पण आता एवढा मोठा झालाय,” ती म्हणाली. “परत वाचून दाखवलं तर सवयच लागेल ना?”

ही भीती जवळजवळ प्रत्येक पालकाला असते. तिला मी सांगितलं ते असं. साधारण तेरा-चौदा वर्षांपर्यंत मुलांना ऐकून जे समजतं ते स्वतः वाचून समजणाऱ्यापेक्षा पुढचं असतं. पुस्तकातले शब्द, लांबलचक वाक्यं, पात्रांच्या मनातली गुंतागुंत, हे रोजच्या बोलण्यात येत नाही. ते कानावाटे आत गेलेलं असलं, की उद्या छापलेलं समोर आल्यावर अनोळखी वाटत नाही. वाचून दाखवल्याने त्याचं वाचन थांबत नाही, उलट त्याची जमीन तयार होते.

ठरलं ते एवढंच. रोज पंधरा मिनिटं, पुस्तक दोघांच्या मांडीवर, निवड त्याची. कंटाळा आला तर पुस्तक अर्धवट सोडायची पूर्ण मुभा. आणि शेवटी तात्पर्य विचारायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती पडलेल्या चेहऱ्याने आली. मुलगा पुन्हा टाळाटाळ करत होता. खोदून विचारल्यावर म्हणाली, “मी फक्त अवघड शब्दांचे अर्थ विचारत होते. आणि एकदा एक परिच्छेद त्याला वाचायला लावला. म्हटलं, आता गोडी लागलीय तर…” प्रश्न विचारूच नयेत असं नाही. 1988 मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी दाखवून दिलं की चित्रांची पुस्तकं वाचताना मोकळे प्रश्न विचारून मुलाला बोलतं केलं तर त्याची भाषा चांगली वाढते. पण ‘तुला काय वाटतं, ती परत येईल?’ हा गप्पांचा प्रश्न झाला आणि ‘विलक्षण म्हणजे काय?’ ही परीक्षा. मुलांना यातला फरक बरोबर कळतो. तिनेही तो पकडला.

इकडे माझ्याकडे आम्ही दुसरं काम सुरू केलं. तो गोष्ट सांगायचा, मी जशीच्या तशी लिहून घ्यायचे, त्याच्या ‘मग ना’ आणि ‘असं झालं की’सकट. एका मुलाला दुर्बीण सापडते आणि तिच्यातून उद्याचं दिसतं, अशी ती गोष्ट होती. लिहून झालं की कागद त्याच्यापुढे. तो वाचायचा, न अडखळता, कारण प्रत्येक शब्द त्याच्याच तोंडचा होता. ‘दुर्बीण’वर मात्र तो एकदा थांबला. बोट रफारावर नेलं. “हा र आहे होय? बोलायला पहिला आणि बसलाय दुसऱ्याच्या डोक्यावर!” आणि त्याने गोष्टीतले सगळे रफार हुडकून त्यांना गोल केले. जे शिकवून झालं नसतं ते त्याचं त्याला दिसलं.

वडील एकदाच आले. “मी काही पुस्तकवाला माणूस नाही,” असं म्हणूनच खुर्चीत बसले. त्यांना म्हटलं, तुम्ही वाचू नका, तुमचं काहीतरी सांगा. जिंकल्याचं नको, फसलेलं सांगा. 2001 च्या सुमाराला एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी मुलांना घराण्याबद्दल वीस प्रश्न विचारले होते. आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबा कसे भेटले, घरावर कोणतं संकट आलं होतं. ज्या मुलांना हे जास्त माहीत होतं त्यांचा आत्मविश्वास जास्त होता आणि आयुष्य आपल्या हातात आहे ही भावनाही. वडिलांनी त्या रात्री मुलाला सांगितलं की ते एका वर्षी नापास झाले होते आणि दोन दिवस निकाल गादीखाली लपवून ठेवला होता. मुलाने ती गोष्ट त्या आठवड्यात तीनदा मागितली. दर वेळी एकाच जागी थांबवायचा. “मग आजोबा काय म्हणाले?”

सात महिने झाले. तो पुस्तकातला किडा झालेला नाही. शाळेचं वाचन अजून रेंगाळतच करतो. पण पुस्तक दिसलं की उठून जात नाही.

परवा आई एकटीच आली. पिशवीतून जाडसर पुस्तक काढून तिने माझ्यासमोर उघडलं. त्यात तिची खुणेची पट्टी होती. पट्टीच्या सव्वीस पानं पुढे घडी घातलेला, वहीचा फाडलेला एक चिटोरा.

“रात्री मी वाचते ना, तेव्हा हा पुढचं काही माहीत नसल्यासारखा ऐकतो,” ती म्हणाली. “काल तर दचकलासुद्धा. मॅडम, मला कळलंय असं त्याला सांगू का?”

“नको,” मी म्हटलं.