पाणलोटाचा आराखडा करताना पाणी प्रदूषणाचे आकडे कुठून घ्यायचे आणि कसे वापरायचे?

आकडे बहुतेक तयार असतात. विहिरींसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व केंद्रीय भूजल मंडळ, नदी-ओढ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि गावच्या पिण्याच्या पाण्यासाठी जलजीवन मिशनच्या तपासण्या. हे सगळे बिंदू पाणलोटाच्या हद्दीसकट एकाच नकाशावर टाका. तालुक्याच्या सरासरीवर कामं ठरवू नका. शेजारच्या दोन विहिरींतही जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

सगळ्यात जास्त घोळ नायट्रेटमध्ये होतो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, पण ती नायट्रेट म्हणून. काही अहवालांत 'नायट्रेट-नायट्रोजन', म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन, लिहिलेलं असतं, त्याला 4.43 ने गुणायचं. 12 वाचून पाणी चांगलं वाटतं, प्रत्यक्षात ते 53 असतं! नमुन्याची तारीखही बघा. मे महिन्याचा आकडा ऑक्टोबरच्या आकड्याशी ताडून सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. मेची तुलना मेशीच.

नायट्रेटचा आकडा जास्त आला, तर त्या विहिरीपासून चढाच्या बाजूला पायी फिरा: उकिरडा, गोठा, शौचालयाचा खड्डा, सांडपाण्याची नाली. ते हलवल्याशिवाय तिथे पुनर्भरणाचा (पाणी जमिनीत मुरवण्याचा) खड्डा किंवा बोअर पुनर्भरण अजिबात घेऊ नका, घाण थेट भूजलात उतरते.

फ्लोराइडचं गणित वेगळं. ते खडकातून येतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे हा त्रास जुना आहे. बंधारे बांधले की ते कमी होईलच असं धरू नका. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर पिण्यासाठी दुसरा, तपासलेला स्रोत आराखड्यातच लिहा, आणि नमुना काचेच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्या.