परक्या साहित्याला कोणती फूटपट्टी लावावी?

प्रश्न : ‘गेंजी मोनोगातारी’ या जुन्या जपानी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद वाचतोय. कोण कोण हेच कळत नाही, गोष्ट पुढे सरकत नाही, मध्येच कविता येतात. पुस्तक सुमार आहे की माझं वाचन कमी पडतंय, हे ओळखायचं कसं?

उत्तर : या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत, त्यांची एकच मोट बांधू नका.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या जपानी दरबारात माणसाचा उल्लेख हुद्द्यावरून किंवा राहत्या महालावरून होई. बढती मिळाली की उल्लेखही बदले. म्हणून गोंधळ होतो. यात लेखिका मुरासाकी शिकिबूचा दोष नाही. एडवर्ड सायडनस्टिकरच्या १९७६च्या इंग्रजी अनुवादात पात्रांना कायमची नावं आहेत, पहिल्या वाचनाला तोच घ्या. आर्थर वेली या अनुवादकाच्या इंग्रजी अनुवादात ३८वं प्रकरणच गाळलेलं आहे, त्यामुळे मूल्यमापनासाठी तो पुरेसा नाही.

सुमारे ८०० कविता आहेत आणि नेमक्या त्याच आपण वगळतो. चौथं प्रकरण पुन्हा उघडा. एक अनोळखी स्त्री पंख्यावर कविता लिहून पाठवते : दवानं उजळलेलं हे फूल कुणाचं, ते मी ताडलंय. ग्रंथाचा नायक गेंजी हस्ताक्षर बदलून उत्तर देतो : संध्याकाळच्या अंधुक उजेडात पाहिलंस, जवळ येऊन खात्री करून घे. ही सरळसरळ दोघांची बातचीत आहे. कविता गाळली तर प्रसंगच हातातून जातो.

गोष्टीचं म्हणाल, तर सातव्या प्रकरणाशेजारी ३६वं ठेवून वाचा. सातव्यात गेंजीपासून झालेलं मूल गेंजीचाच बाप, म्हणजे सम्राट, आपलं समजून कौतुकानं उचलून घेतो. ३६व्यात दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून हातात घ्यायची पाळी गेंजीवर येते. इतक्या लांब पल्ल्याची वीण दहा-वीस पानांत दिसणार नाही, तेव्हा निकाल इतक्यात देऊ नका.

प्रश्न : पाचव्या प्रकरणात गेंजी लहान मुलीला पळवून नेतो. तो काळ वेगळा होता म्हणून सोडून द्यायचं का?

उत्तर : मुळीच नाही. खटकलं ते खटकू द्या. फक्त लेखिकेला ते दिसलंय का, हे तपासा. नवव्या प्रकरणात, तो तिला पत्नी करतो त्यानंतरच्या सकाळी, ती मुलगी अंथरुणातून उठत नाही, त्याच्या पत्राला उत्तर देत नाही. ‘त्यांच्याकडे चालतं’ म्हणून तुम्ही हे माफ केलंत, तर लेखिकेनं स्पष्ट मांडलेला त्या मुलीचा संताप तुमच्या वाचनातून निसटेल. शेवटची दहा प्रकरणं अर्ध्यात तुटल्यासारखी वाटली, तर तेही बेधडक नोंदवा. अभ्यासकांतही त्यावर मतभेद आहेत.