हबलचा स्पेक्ट्रम पहिल्यांदा उघडताना

जून-जुलैत पणजीवर ढग बसले की दुर्बीण झाकून ठेव आणि मास्ट या दुर्बिणींच्या माहितीच्या ऑनलाइन संग्रहातून हबल अवकाश दुर्बिणीवरच्या कॉस या अतिनील वर्णपटमापकाचा स्पेक्ट्रम (ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट) उतरव, फुकट मिळतो. सुरुवातीला फक्त एक्स-वन-डी-सम, म्हणजे तयार बेरीज केलेल्या स्पेक्ट्रमची फाइल घे. जी-१३०-एम या जाळीने (प्रकाश फाकवणाऱ्या भागाने) घेतलेल्या स्पेक्ट्रमच्या तक्त्यात बहुधा दोन ओळी असतात, डिटेक्टरच्या दोन तुकड्यांच्या: पहिली एफयूव्ही-ए, म्हणजे लांब तरंगलांबीची, दुसरी एफयूव्ही-बी, आखूड तरंगलांबीची. दोन्ही सरळ जोडल्यास आलेख उलटा उडी मारतो. आधी बी, मग ए जोड. डीक्यू-वेट (बिंदू वापरण्याजोगा आहे का ते सांगणारा रकाना) शून्य असलेले बिंदू गाळ, नाहीतर डिटेक्टरच्या कडेचा कचरा ताऱ्याच्या स्पेक्ट्रममधली रेषा वाटतो.

१२१५.६७ अँगस्ट्रॉमवरचं उंच शिखर बघून हरखू नकोस. ते बहुधा ताऱ्याचं नसतं, पृथ्वीभोवतीच्या हायड्रोजनचं असतं. १३०२ ते १३०६ मधला ऑक्सिजनही तसाच; पण कॉर-टॅग फाइलमधले (तिच्यात एकेका फोटॉनची वेळेसह नोंद असते) हबल पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला असतानाचे फोटॉन तेवढे वेगळे काढलेस, तर तो खूपच ओसरतो.