टॅग की ऑन्टॉलॉजी? दोन्ही, पण ऑन्टॉलॉजी दारात उभी करू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आकाशनिरीक्षणाच्या नोंदी, फोटो, लिंका सगळे मिळून एका ठिकाणी टाकताय, टॅग ज्याला जो सुचेल तो, आता तीनेक हजार नोंदी झाल्यात आणि वेळेला हवं ते सापडत नाही. त्यात ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते टॅग बंद करा आणि नीट ऑन्टॉलॉजी (म्हणजे कुठली गोष्ट कशाचा प्रकार, कशाशी काय नातं, याची ठरवून केलेली रचना) बनवा, दुसरी म्हणते असं केलंत तर उद्यापासून कोणी काही टाकणारच नाही. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच भांडण मिटत नाहीये.

मी एकेकाळी पहिल्या पार्टीत होतो. असाच एक संग्रह होता, आम्ही तिघांनी बसून झकास रचना केली, वस्तूचा प्रकार, उपप्रकार, कशातून पाहिली, आकाश कसं होतं, आणि नोंदीच्या फॉर्मवर अकरा ड्रॉपडाउन लावले. महिनाभरात सगळ्यात जास्त भरलेला वर्ग कुठला, तर ‘इतर’. रात्री दोन वाजता अंधारात उभं राहून फोनवर दोन ओळी टाइप करणारा माणूस अकरा ड्रॉपडाउन कशाला भरेल, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं, नाही सुचलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. टॅग टाकताना कोणाला अडवायचं नाही, रचना मागच्या खोलीत ठेवायची आणि टॅग तिथे नंतर जोडायचे. म्हणजे सदस्याने लिहिलेला शब्द आहे तसाच दिसतो, पण त्या शब्दाचा अर्थ काय हे सिस्टिमला वेगळं सांगितलेलं असतं.

तुमच्याच यादीतला ‘गुरू’ घ्या. कोणी ऱ्हस्व ‘गुरु’ लिहिलंय, कोणी दीर्घ, कोणी ‘गुरुग्रह’, कोणी ‘बृहस्पती’, कोणी सरळ ‘ज्युपिटर’. हे पाचही एकाच ग्रहाचे. आणि मग एकाने ज्यांनी त्याला दुर्बिणीचा आरसा घासायला शिकवला त्यांच्यावर लेख लिहिलाय, त्यालाही टॅग ‘गुरू’! नुसत्या टॅगवर चालणाऱ्या सर्चला हे दोन गुरू एकच वाटतात आणि ‘ज्युपिटर’ मात्र परका वाटतो, म्हणजे नेमकं उलटं.

इथे कोणीतरी म्हणेल की लोक जास्त झाले की टॅग आपोआप जुळतात. होतं असं, पण कुठे ते बघा. ‘फोकसॉनॉमी’ (लोकांच्या आपापल्या टॅगांतून तयार होणारं वर्गीकरण) हा शब्द ज्याने २००४ मध्ये काढला त्या थॉमस व्हॅन्डर वॉलनेच पुढे ब्रॉड आणि नॅरो असा फरक केलाय. डिलिशस या लिंका साठवायच्या साइटवर एकच लिंक शेकडो लोक आपापले टॅग लावून ठेवायचे, ते ब्रॉड. गोल्डर आणि ह्युबरमन या संशोधकांना त्यात दिसलं की साधारण १०० जणांनी एक लिंक ठेवली की कुठला टॅग किती टक्के हे प्रमाण जवळपास स्थिर होतं. फ्लिकरवर मात्र फोटो ज्याचा, टॅगही बहुतेक त्याचेच, ते नॅरो. तुमचा संग्रह नॅरो आहे, एका नोंदीला एकच माणूस टॅग लावतो, त्यामुळे बहुमताने शहाणपण येईल ही वाट बघू नका, इथे कोणाला तरी हाताने जोडावं लागणारच.

जोडायला काय वापरायचं? ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेच्या नादी आत्ता लागू नका, ते ताकदवान आहे पण तुमच्या कामाला जड पडेल. स्कॉस बघा, डब्ल्यूथ्रीसी या वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं २००९ चं स्टँडर्ड, शब्दसंग्रहांसाठीच केलेलं. त्यात एका संकल्पनेला एका भाषेत एक मुख्य नाव, हवी तेवढी पर्यायी नावं, आणि (मला सगळ्यात आवडणारी गोष्ट) लपलेली नावं. लपलेलं नाव म्हणजे कुठे दाखवायचं नाही पण सर्चला सापडलं पाहिजे, चुकीचं शुद्धलेखन वगैरे. ‘दुर्बीण’ हे मुख्य, ‘टेलिस्कोप’ पर्यायी, ‘दुर्बिण’ आणि ‘दूर्बिण’ लपलेली. कोणाचा अपमान नाही, कोणाला दुरुस्तीचा मेसेज नाही.

आता खरी मजा आणि खरा घोळ. एका नोंदीला फक्त ‘युरोपा’ एवढाच टॅग आहे. उद्या कोणी ‘उपग्रह’ शोधलं तर ती नोंद यायला हवी, आणि रचनेला युरोपा हा उपग्रह आहे हे माहीत असेल तर ती येतेही, लिहिणाऱ्याने जास्तीचं काही न करता. पण घाईत आम्ही काय केलं होतं, युरोपाला ‘गुरू’च्या खाली टाकलं, कारण ते दोन टॅग कायम एकत्र दिसायचे, आणि गुरू होता ‘ग्रह’च्या खाली. मग एका नवीन मुलीने ‘ग्रह’ शोधलं तर युरोपा, टायटन, आपला चंद्र, सगळी वरात समोर. युरोपा गुरूचा प्रकार नाही, तो गुरूभोवती फिरतो! ‘चा प्रकार आहे’, ‘चा भाग आहे’ आणि ‘शी संबंध आहे’ ही तीन नाती वेगळी ठेवा, बाकी ऑन्टॉलॉजीतलं काही नाही कळलं तरी चालेल. टॅग एकत्र येतात यावरून नातं आहे एवढंच कळतं, कुठलं ते माणसालाच सांगावं लागतं.

प्लुटोचंही तेच. २००६ मध्ये आयएयूने (आंतरराष्ट्रीय खगोल संघाने) त्याला बटुग्रह ठरवलं. ज्यांनी प्रत्येक नोंदीवर ‘प्लुटो, ग्रह’ असे दोन टॅग मारले होते त्यांना एकेक नोंद उघडत बसावं लागलं असतं. लोकांनी फक्त ‘प्लुटो’ लिहिलं असेल आणि तो कशाचा प्रकार हे मागे एकाच जागी असेल तर एक ओळ बदलली की काम झालं. सेरेसने तर १८०१ पासून ग्रह, मग लघुग्रह, मग बटुग्रह असे तीन अवतार घेतलेत. जमलं तर प्रत्येक संकल्पनेला विकिडेटाचा (विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्याचा) क्रमांकही जोडा (प्लुटोचा क्यू ३३९ आहे), म्हणजे नावांवरून वाद झाला तरी वस्तू कुठली यावर होत नाही.

हे सगळं करणार कोण, हा प्रश्न मात्र खरा. आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही फॅनफिक्शनची साइट बघा, तिथे लेखक वाट्टेल ते टॅग लिहितात आणि ‘टॅग रँग्लर’ म्हणवणारे स्वयंसेवक ते मागून मुख्य टॅगला जोडतात, लेखकाचा शब्द पानावर जसाच्या तसा राहतो. तुम्हाला दोन माणसं पुरतील, आठवड्यातून तासभर. तीनपेक्षा जास्त जणांनी वापरलेला नवीन टॅग दिसला तरच जोडायचा, एकदाच आलेल्याकडे बघायचंही नाही. ‘भारी’, ‘नंतर बघू’ असले टॅग रचनेत आणू नका, पण काढूही नका, ते ज्याचे त्याला लागतात. आणि टाइप करताना खाली ‘गुरू (ग्रह)’ आणि ‘गुरू (मार्गदर्शक)’ अशा सूचना दाखवा, निवडलं तर उत्तम, नाही निवडलं तरी नोंद सेव्ह झालीच पाहिजे.

एक फालतू वाटणारी गोष्ट, ज्यात माझा अख्खा रविवार गेला. ‘ताऱ्यांचे नकाशे’ हा टॅग आमच्याकडे दोनदा दिसायचा, अक्षर न् अक्षर सारखा. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक ऱ ला हलन्त लावून आणि दुसरा साध्या र ला हलन्त आणि मध्ये झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप झालं तर ते एका रूपात आणणं) हे दोन एक करत नाही. ते आधी स्वतः बदलून घ्या, मगच टॅग मोजायला बसा.

टॅगची यादी वापराच्या आकड्यांसकट एक्सपोर्ट करून इथे टाका, वरचे पन्नासच. ‘गुरू’सारखे अजून किती निघतात ते बघू.