वॉटरफॉल, आयटीआयएल, अजाइल, डेव्हऑप्स, एसआरई : एवढ्या पद्धती का आल्या आणि नव्या माणसाने काय धरावं?

तुम्ही लिहिलंय की ऑपरेशन्स सपोर्टमध्ये नुकतेच लागलात, ट्रेनिंगमध्ये ही सगळी नावं एकदम कानावर आली, आणि नवीन आलं की जुनं रद्द होतं का, हे कुणी नीट सांगितलं नाही. मी २००७ पासून पुण्यात हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुनं काहीच पूर्ण रद्द झालेलं नाही. या सगळ्या पद्धती एकाच दुखण्यावरची औषधं आहेत: चूक झाली हे किती उशिरा कळतं, आणि ज्याच्या हातून झाली त्याच्यापर्यंत ते पोचतं का.

माझ्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. शनिवारी रात्री अकराला रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवणं, सुरू झालं. डेव्हलपमेंट टीमने ते कसं करायचं याच्या पायऱ्यांची बेचाळीस पानांची वर्ड फाइल दिली होती. मी एकेक कमांड कॉपी-पेस्ट करत होते, शेजारी बसलेला सहकारी प्रिंटआउटवर टिक करत होता. सत्ताविसाव्या पायरीवर नुसतं लिहिलेलं, ‘कॉन्फिग फाइल बदला’. त्यांच्या टेस्टिंगच्या मशीनवर सेटिंग्जची तशी एकच फाइल होती, आमच्याकडे चार सर्व्हर आणि प्रत्येकावर दोन-दोन. रात्रीचे अडीच वाजलेले, फाइल लिहिणारा फोन उचलेना. आम्ही अंदाजाने एक बदलली. सोमवारी सकाळी निम्म्या लोकांना लॉगिनच होईना. आरसीएमध्ये, म्हणजे बिघाडाचं मूळ कारण शोधणाऱ्या अहवालात, ‘मॅन्युअल एरर’ असा शेरा पडला आणि नाव माझं लागलं. पायरी लिहिणारा तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला होता. आपली ओळ कुठे अडली, हे त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. हे न पोचणं हाच खरा आजार आहे.

आता मागे जाऊ. वॉटरफॉल म्हणजे एक टप्पा पूर्ण झाला की मगच पुढचा. त्याचं जनकत्व विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या शोधनिबंधाला देतात. त्यात एकाखाली एक उतरत जाणाऱ्या टप्प्यांची आकृती आहे, पण ‘वॉटरफॉल’ हा शब्द नाही. उलट, हे असंच एका दमात राबवणं धोक्याचं आहे, असं त्यांनी तिथेच लिहिलंय, कारण टेस्टिंग शेवटी येतं आणि तोवर डिझाइन मुळापासून बदलायची वेळ आलेली असते. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा मागे ठेवला. मला याचं आजही वाईट वाटतं.

ऑपरेशन्सची वाट वेगळी होती. ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयटीआयएल, म्हणजे आयटी सेवा कशी चालवावी याची मार्गदर्शक चौकट, आणलं. तुमच्या रोजच्या बोलण्यातले इन्सिडंट, प्रॉब्लेम, चेंज हे शब्द असे वेगवेगळ्या अर्थांनी रुळले ते त्यातूनच. इन्सिडंट म्हणजे सेवा बंद पडली, आधी चालू करा. प्रॉब्लेम म्हणजे ती पुन्हा-पुन्हा का पडते, ते शोधा. हा फरक मनात पक्का ठेवा, तो कधीच जुना होणार नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा निघाला. स्क्रम आणि एक्सपी या तशाच पद्धती त्याच्या आधीपासून होत्या. कामाचे छोटे तुकडे करा, ग्राहकाला लवकर दाखवा, हे त्याचं सार. त्याने डेव्हलपरचं भलं झालं, पण आमच्याकडे मात्र गर्दी वाढली. पूर्वी वर्षात दोन रिलीज यायची, आता दर दोन आठवड्यांनी नवं तयार. त्यांचं अप्रेझल बदल किती केले यावर, आमचं सिस्टिम किती स्थिर राहिली यावर. मग भांडणं होणारच.

ती कोंडी फुटली २००९ मध्ये. फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटच्या जॉन ऑल्सपॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत, आम्ही दिवसाला दहाहून जास्त वेळा डिप्लॉय करतो, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवतो, असं सांगितलं. त्याच वर्षी पॅट्रिक डेबॉइस यांनी बेल्जियममधल्या गेंटला ‘डेव्हऑप्सडेज’ ही परिषद भरवली आणि डेव्हऑप्स, म्हणजे डेव्हलपमेंट आणि ऑपरेशन्स एकत्र, हे नाव रुळलं. माझी ती बेचाळीस पानं स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड आपोआप चालवणाऱ्या फाइलमध्ये, गेली, स्क्रिप्ट कोडच्या शेजारी गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) राहू लागली, आणि डेव्हलपरही ऑन-कॉल आला, म्हणजे बिघाड झाला की फोन त्यालाही जाऊ लागला. अडीचचा फोन ज्याला येतो, तो सत्ताविसावी पायरी आपसूक नीट लिहितो.

हाताने डिप्लॉय करण्याची किंमत बघायची असेल तर नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचं प्रकरण वाचा. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला. तिथे जुना, वापरात नसलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त गेले. तपासून बघायला दुसरा माणूस नेमलेला नव्हता.

एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग), म्हणजे सेवा भरवशाची ठेवण्याचं काम इंजिनिअरिंगच्या पद्धतीने करणं, गुगलमध्ये २००३ च्या सुमारास बेन ट्रेनर यांच्या टीमपासून सुरू झालं. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे एरर बजेट. सेवा ९९.९ टक्के चालू राहील असं ठरवलं, तर ३० दिवसांत साधारण ४३ मिनिटं बंद पडायची मुभा उरते. ती शिल्लक असेपर्यंत नवं खुशाल चढवा; संपली की थांबा आणि आधी दुरुस्ती करा. ‘रिलीज करायचं की नाही’ यावर पूर्वी आवाज चढायचे, तिथे आता दोन्ही बाजू एकाच आकड्याकडे बघतात.

तुमच्यासाठी सांगायचं तर सर्टिफिकेट सहा महिन्यांनी केलंत तरी चालेल. आधी लिनक्स, गिट आणि स्क्रिप्ट लिहिण्यापुरतं थोडं बॅश किंवा पायथन शिका. मग तुमच्या शिफ्टमध्ये रोज हाताने होणारं एक काम निवडा, समजा लॉगने (सिस्टिम लिहीत राहते त्या नोंदींच्या फाइलींनी) डिस्क भरली की ती रिकामी करणं. ते नेमकं कसं करता, ते पायरीपायरीने लिहा आणि कालच जॉइन झालेल्या एखाद्याला ते वाचून करायला सांगा. तो जिथे अडेल तिथे तुमची सत्ताविसावी पायरी आहे. ती नीट करा, मग स्क्रिप्ट लिहा, आणि डिस्क मुळात भरतेच का, याचं तिकीट डेव्हलपमेंट टीमकडे टाका. तिकिटात तारखा आणि आकडे द्या. कुठे अडलात तर खाली विचारा, रात्रपाळी नसेल तेव्हा नक्की उत्तर देईन.