पुस्तकांआधी ग्रंथपालांना पत्र पाठवा

प्रश्न : आमच्या चर्चने युगांडातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पुस्तके भेट देण्याचे ठरवले आहे. तेथे एकेका पाठ्यपुस्तकासाठी विद्यार्थ्यांना ताटकळत बसावे लागते, असे तिकडून आलेल्या पाळकांनी सांगितले होते. आमच्या आवाहनाला उदंड प्रतिसाद मिळाला असून सभागृह पुस्तकांनी भरले आहे. यांतील कोणती पुस्तके पाठवावीत आणि कशी?
– एक वाचक

उत्तर : मंडळींनी इतक्या आपुलकीने पुस्तके आणून दिली, याचा मनापासून आनंद वाटला. आफ्रिकेतील उच्च शिक्षणाशी चर्चचे नाते जुने आहे. सिएरा लिओनमधील फोरा बे कॉलेज चर्च मिशनरी सोसायटीने १८२७ मध्ये सुरू केले होते. तरीही एकही खोका बंद करण्यापूर्वी त्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना पत्र लिहावे आणि तेथे कोणते अभ्यासक्रम चालतात, वर्गात विद्यार्थी किती, कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या आवृत्तीच्या किती प्रती हव्यात, हे विचारून घ्यावे. निवड त्यांच्या यादीवरून व्हावी, आपल्याकडे काय जमले आहे त्यावरून नव्हे.

एवढा आग्रह धरण्याचे कारण सांगतो. अशा संग्रहात वैद्यकशास्त्राचे चाळीसेक वर्षांपूर्वीचे जाडजूड पाठ्यपुस्तक बहुधा असतेच. बांधणी मजबूत, पाने स्वच्छ, त्यामुळे ते टाकून देणे जिवावर येते. परंतु त्यात हिवतापावरचे पहिले औषध म्हणून क्लोरोक्विन दिलेले असते. पूर्व आफ्रिकेतील फॅल्सिपेरम हा हिवतापाचा घातक प्रकार या औषधाला फार पूर्वीच दाद देईनासा झाला आणि युगांडात आता गुंतागुंत नसलेल्या हिवतापासाठी आर्टेमिथर व ल्युमेफॅन्ट्रिन यांची एकत्रित गोळी दिली जाते. ज्या कपाटात या विषयावर दुसरे पुस्तकच नाही, तेथे हे पुस्तक घातक ठरते. कायद्याच्या पुस्तकांनी अपाय होत नसला, तरी युगांडाची सध्याची राज्यघटना १९९५ची आहे आणि परक्या देशाचा करकायदा तेथे केवळ जागा अडवतो. गणित, सांख्यिकी किंवा मूलभूत भौतिकशास्त्र लवकर शिळे होत नाही. यादीत असल्यास त्यांच्या जुन्या आवृत्त्याही चालतील.

आता खर्चाविषयी. युगांडाला समुद्रकिनारा नाही. समुद्रमार्गे पाठवलेली पुस्तके बहुधा केनियातील मोंबासा बंदरात उतरतात आणि तेथून राजधानी कंपालापर्यंत शेकडो किलोमीटरचा खुष्कीचा प्रवास करतात. शैक्षणिक पुस्तकांवर आयात शुल्क लावू नये, असे युनेस्कोच्या १९५० सालच्या फ्लॉरेन्स कराराचे तत्त्व आहे. पण शुल्क माफ झाले, तरी बंदरातील हाताळणी, गोदामाचे भाडे आणि ट्रकभाडे चुकत नाही. कागदपत्रे अपुरी असली की माल अडकतो, भाडे चढत जाते आणि ज्या ग्रंथालयाकडे पुस्तकांना पैसे नाहीत त्याच्याच माथी ते बिल येते. म्हणून विद्यापीठाचे स्वीकृतिपत्र, देणगीपत्र आणि खोक्यागणिक पुस्तकांची यादी आधी तयार ठेवावी, तसेच ग्रंथालयाच्या दारापर्यंतचा खर्च चर्चनेच उचलावा. दाखल क्रमांक, वर्गीकरण, सूचीकरण आणि मांडणी यांनाही माणसे व कपाटे लागतात. त्यासाठीही काही रक्कम द्यावी.

माझ्या मते याहून चांगला मार्गही आहे. कंपालात फाउंटन पब्लिशर्ससारखे प्रकाशक आहेत. तेथील इतिहास, शेती, कायदा यांवरची पुस्तके त्यांच्याकडून विकत घेऊन ग्रंथालयाला दिल्यास समुद्रप्रवासाचा खर्च वाचतो आणि स्थानिक लेखकांनाही वाचक मिळतात. संशोधनपत्रिकांचे जुने गठ्ठे मात्र मुळीच पाठवू नयेत. रिसर्च फॉर लाइफ या उपक्रमातून अल्प उत्पन्न असलेल्या देशांतील संस्थांना हजारो पत्रिका मोफत किंवा नाममात्र दरात वाचता येतात. अडचण विजेची किंवा इंटरनेटची असेल, तर तेथे मदत करावी.

सभागृहातील उरलेल्या पुस्तकांची मंडळींमध्येच विक्री ठेवावी. येणारी रक्कम यादीतील नव्या आवृत्त्यांसाठी वापरली जाईल, हे पुस्तके देणाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगावे.