रिटायरमेंटचं सेशन? आधी पीएफचं पासबुक उघडा

चाकणच्या कारखान्यात कामगारांसाठी निवृत्तीच्या बचतीवर तासाभराचं सेशन ठेवायचंय आणि एका बँकेचा माणूस फुकट बोलायला तयार आहे, त्याला बोलवू का, असं तुम्ही विचारलंय. नका बोलवू. फुकट येणारा फॉर्म घेऊनच येतो, आणि महिन्याभरात चार जणांच्या गळ्यात युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) पडलेली असते. माझी सगळी नोकरी टाइम ऑफिस आणि पगार विभागात गेली, त्या जोरावर सांगतोय.

वीस-वीस जणांची बॅच करा, कॅन्टीनमध्ये बसवा आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर उमंग या सरकारी अ‍ॅपमधून पीएफचं पासबुक उघडायला लावा. हे शिफ्टच्या वेळातच करा. सुटल्यावर ठेवलंत तर सगळ्यांचं लक्ष कंपनीच्या बसकडे. बऱ्याच जणांचं लॉगिनच होणार नाही: आधारला जोडलेला नंबर बंद, नाहीतर नावात फरक. तेवढं कळलं तरी दिवस सार्थकी लागला.

पासबुकातल्या तिसऱ्या, पेन्शनच्या रकान्यावर मात्र भरपूर वेळ द्या. कंपनी पगाराच्या १२ टक्के भरते, त्यातले ८.३३ टक्के तिथे जातात, पण १५,००० पगाराच्या मर्यादेत, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. लोकांना वाटतं, हेही व्याजासकट हातात येणार. त्यावर व्याज नसतं. पेन्शन ठरते ती पेन्शनपात्र पगार (म्हणजे वरच्या १५,००० च्या मर्यादेतला) गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७० अशी. फळ्यावर करून दाखवा: १५,००० गुणिले १८ वर्षं भागिले ७०, म्हणजे ३,८५७ रुपये महिना. वीस वर्षं भरली की दोन वर्षं जादा धरतात, पण हिशोबात पस्तीस वर्षं आली तरी ७,५०० च. आणि नोकरीची दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शनच नाही. हा आकडा बघितल्यावर वर्गात जी कुजबुज होते ना, तिथून खरं सेशन सुरू होतं. जादा बचत कशाला, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा मुद्दा नोकरी बदलताना फंड काढण्याचा. साठ हजार मिळाले, मोटारसायकल आली, संपलं. ८.२५ टक्के दर कायम धरला (तो दरवर्षी ठरतो) तर तेच साठ हजार वीस वर्षांत २ लाख ९० हजारांच्या वर जातात. शिवाय सलग पाच वर्षांच्या आत काढले तर करपात्र. ट्रान्सफर केले तर आधीची नोकरी धरली जाते. कंत्राटी मुलांनाही नक्की बसवा. ठेकेदार बदलला की त्यांचा मेंबर आयडी (पीएफ खात्याचा नंबर) बदलतो आणि जुने पैसे तिथेच पडून राहतात. नॉमिनेशनही (आपल्या मागे पैसे कुणाला, याची नोंद) त्याच बैठकीत भरून घ्या, लग्न झालेल्यांचं नव्याने.

गुंतवणुकीचे पर्याय शेवटी, थोडक्यात. ज्याला जोखीम नको त्याला व्हीपीएफ, म्हणजे पीएफमध्येच स्वखुशीने जादा कपात: पगार विभागाला एक अर्ज दिला की झालं, व्याजदर पीएफचाच. ज्याची पंचवीस-तीस वर्षं नोकरी बाकी आहे त्याला एनपीएस (सरकारची राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) काय असतात एवढं सांगा, पण कुठल्याही कंपनीचं नाव घेऊ नका. डोक्यावर चढ्या व्याजाचं कर्ज असेल तर आधी ते फेडा, हे मी तरी स्पष्ट सांगायचो.

बाहेरचा माणूस हवाच असेल तर पीएफ कार्यालयाला पत्र लिहा. दर महिन्याच्या २७ तारखेला त्यांचा ‘निधी आपके निकट’ हा कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यात होतो. लॉगिन अडकलेल्यांची यादी घेऊन तिथे गेलात तर उत्तम.